‘लव्ह’ आणि ‘मूव्ह’ जुळत का नाहीत?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा पाचवीत, मराठी माध्यम, यंदा स्कॉलरशिपला बसतोय. रायमिंग वर्ड्सच्या, म्हणजे यमक जुळणाऱ्या शब्दांच्या सरावात त्यानं ‘लव्ह’ला ‘मूव्ह’ आणि ‘फूड’ला ‘गुड’ लावलं, दोन्ही चुकलं. ‘बेअर’ आणि ‘चेअर’ ही बरोबर जोडी मात्र ‘स्पेलिंग वेगळं आहे’ म्हणून सोडून दिली. क्लासमधून जोड्यांची लांबलचक यादी मिळालीय, ती पाठ करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. या तिन्ही चुकांचं मूळ एकच आहे: तो शब्द बघतोय, ऐकत नाहीये. यात त्याचा दोष नाही. मराठीत पाणी, राणी, गाणी हे डोळ्यांनी पाहिलं तरी जुळतं आणि कानांनी ऐकलं तरी जुळतं. पहिलीपासून अंगवळणी पडलेली ही सवय तो इंग्रजीलाही लावतो. सोलापूरच्या पूर्व भागात आणि नंतर जुळे सोलापुरात मी इंग्रजी शिकवत आलोय. प्रत्येक वर्गात हीच चूक, आणि इंग्रजी माध्यमाची पोरंही तिच्यातून सुटलेली नाहीत.

आधी नियम सांगतो, कारण तो बहुतेक वर्गांत अर्धाच सांगितला जातो. ‘शेवट सारखा तो रायमिंग वर्ड’ एवढंच पोरांना माहीत असतं. खरा नियम असा की शब्दात ज्या स्वरावर जोर पडतो, त्या स्वरापासून शेवटपर्यंत सगळं सारखं ऐकू आलं पाहिजे, आणि त्या स्वराच्या लगेच आधीचा आवाज वेगळा असला पाहिजे. ‘लेटर’ आणि ‘बेटर’ जुळतात, कारण जोर पहिल्या तुकड्यावर आहे आणि तिथून पुढचं ‘एटर’ दोन्हीकडे तेच आहे. ‘लेटर’ आणि ‘डॉक्टर’ यांच्या शेवटी ‘टर’ असला तरी ते जुळत नाहीत. ‘वॉकिंग’ला ‘टॉकिंग’ चालतो, ‘सिंगिंग’ चालत नाही. ‘इंग’वर जोरच नाही, तो जुळून उपयोग काय? ‘एज्युकेशन’ एवढा लांब शब्द ‘स्टेशन’शी बिनतक्रार जुळतो, कारण त्यातला जोर ‘के’वर आहे.

नियमाचा दुसरा भाग आपल्या लोकांना विचित्र वाटतो. मराठीत सोलापूर आणि पंढरपूर हे चांगलं खणखणीत यमक झालं. मोठ्या अभंगात दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक असतं, ओवीत पहिल्या तीन चरणांचं; तिथं शेवटची दोन-तीन अक्षरं जशीच्या तशी परत आली तर कुणी नाक मुरडत नाही, उलट गोड वाटतं. इंग्रजीत ‘बिलीव्ह’ला ‘लीव्ह’ लावला तर कडक परीक्षक म्हणेल की दोन्हीकडे ‘लीव्ह’च आहे, हे जुळणं नव्हे, हे तेच परत म्हणणं. ‘रिसीव्ह’ लावा, प्रश्न मिटला.

सोलापुरात यात आणखी एक गंमत आहे. इथं एका बाकावर तीन-तीन भाषा बसतात. जुन्या तेलुगू आणि कन्नड पद्यात यमकाची जागाच वेगळी असते: ओळीचं शेवटचं नाही, प्रत्येक ओळीचं दुसरं अक्षर जुळवतात. त्याला प्रास म्हणतात. घरात आजोबा पद्यं म्हणणारे असले तर त्या पोराचा कान ओळीच्या सुरुवातीकडे असतो, आणि अशी पोरं आवाज पकडण्यात तरबेज निघतात. तेलुगू घरातली काही मुलं ‘बस’ला ‘बस्सु’ म्हणतात, त्यावरून शिक्षक वैतागतात. उच्चार सुधारायला हवा, खरं आहे. पण त्यानं यमक बिघडत नाही, कारण ‘उ’ दोन्ही शब्दांना लागतो.

पाचवीच्या परीक्षेत बहुतेक एकाच तुकड्याचे शब्द येतात. तिथं नियम अगदी सोपा होतो: शब्दाच्या सुरुवातीची व्यंजनं तोडा, उरलेली शेपटी म्हणा, दुसऱ्या शब्दाची शेपटी म्हणा. ‘ब्राइट’ची शेपटी ‘आइट’, ‘काइट’ची शेपटी ‘आइट’. झालं.

आता स्पेलिंग का फसवतं ते. हे मुलाला नक्की सांगा, कारण पाचवीतल्या पोराला ‘इंग्रजी आहेच तसं’ हे उत्तर पटत नाही आणि पटूही नये. ‘फूड’, ‘गुड’, ‘ब्लड’ घ्या. तिन्हींच्या शेवटी डबल ओ आणि डी. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी या तिन्हींत एकच लांब ‘ओ’ होता, म्हणजे तेव्हा ते खरोखरच जुळत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले लांब स्वर जागचे हलले आणि त्या ‘ओ’चा ‘ऊ’ झाला. ‘फूड’ तिथंच थांबला. ‘ब्लड’मधला ‘ऊ’ लवकर आखूड होऊन ‘उ’ झाला, आणि पुढं जेव्हा आखूड ‘उ’चा ‘अ’ होण्याची लाट आली तेव्हा तो तिच्यात सापडला. ‘गुड’ उशिरा आखूड झाला, तोवर लाट ओसरली होती, म्हणून तो ‘उ’वरच राहिला. आणि हे सगळं चालू असतानाच, १४७६ साली, विल्यम कॅक्स्टननं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. छपाई वाढली तशी स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. उच्चार मात्र कुणाला विचारून थांबत नाहीत. म्हणून आज ‘फूड’ला ‘मूड’ आणि ‘रूड’, ‘गुड’ला ‘वुड’ आणि ‘शुड’, ‘ब्लड’ला ‘मड’ आणि ‘फ्लड’.

‘लव्ह’ची भानगड वेगळी. त्यात मुळात आखूड ‘उ’ होता. हातानं पोथ्या लिहिण्याच्या काळात एम, एन, यू, व्ही ही अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या रेघा दिसत. शेजारी-शेजारी आली की वाचणाऱ्याला कुठलं अक्षर कुठं संपलं कळेना. म्हणून लेखनिक अशा ठिकाणी ‘यू’ऐवजी ‘ओ’ लिहू लागले. ‘सन’ म्हणजे मुलगा, ‘कम’, ‘सम’, ‘लव्ह’ हे सगळे त्याच कारखान्यातले. लिहिताना ओ, म्हणताना अ. म्हणून ‘लव्ह’चे सोबती ‘डव्ह’, ‘ग्लव्ह’ आणि ‘अबव्ह’. ‘मूव्ह’ फ्रेंचमधून आलेला, त्याचा सोबती ‘प्रूव्ह’. जुन्या इंग्रजी कवितांत ‘लव्ह’ला ‘प्रूव्ह’ लावलेला दिसतो. तो उच्चार तेव्हा जवळ होता आणि पुढच्या कवींनी रिवाज म्हणून चालू ठेवला. कवीला ते चालतं, स्कॉलरशिपच्या उत्तरपत्रिकेला नाही.

ओ-यू-जी-एच हा तर या गावचा पाटील. ‘जीएच’ पूर्वी घशातून, आपल्या ‘ख’च्या जवळ म्हणत. पुढं काही शब्दांत तो आवाज गळाला आणि काहींत त्याचा ‘फ’ झाला. म्हणून ‘टफ’, ‘रफ’, ‘इनफ’ हे ‘स्टफ’शी जुळतात, ‘दो’ म्हणजे ‘जरी’ हा ‘गो’शी, ‘थ्रू’ हा ‘ब्लू’शी, आणि नांगराचा ‘प्लाउ’ हा ‘काउ’शी. खोकल्याचा शब्द इथं खास फसवतो. मेडिकलमध्ये आपण ‘कफ सिरप’ मागतो, म्हणून पोरगा त्याला ‘टफ’शी जुळवतो. इंग्रजीत तो ‘कॉफ’ आहे आणि ‘ऑफ’शी जुळतो.

आता तुम्हाला वाटेल, मग शब्द देवनागरीत लिहून बघावं. बघाच. त्याच्या ‘बेअर’–‘चेअर’चं उत्तर तिथंच आहे: बेअर, चेअर, देअर, केअर, व्हेअर. देवनागरीत लिहिलं की स्पेलिंगाचा पडदा गळून पडतो आणि शेपट्या उघड्या दिसतात. काही शिक्षकांचा याला विरोध असतो. माझा नाही. आपल्याजवळ आवाज लिहायची इतकी चांगली लिपी आहे, ती वापरू नये हा हट्ट मला कधी कळला नाही.

फक्त एका जागी ही लिपी आपल्याला दगा देते, आणि ती जागा म्हणजे ‘ए’ची मात्रा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या किंवा पूर्व भागातल्या माणसाला हे लगेच कळेल. जिथं लूम चालतात ती शेड, आणि चादरीच्या रंगाची छटा तीही शेड. ‘शेडमध्ये आज कुठली शेड लागलीय?’ असं इथं कुणीही विचारतं आणि ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. इंग्रजीत हे दोन वेगळे आवाज आहेत. लूमची शेड, एस-एच-ई-डी, आखूड आहे. ती ‘रेड’, ‘ब्रेड’, ‘हेड’ आणि एस-ए-आय-डी असं लिहायच्या ‘सेड’शी जुळते. रंगाची शेड, एस-एच-ए-डी-ई, लांब आहे. म्हणताना शेवटी जीभ ‘इ’कडं सरकते, जवळजवळ ‘शेइड’. ती ‘मेइड’, ‘पेइड’, ‘प्लेइड’शी जुळते, म्हणजे बनवलं, पैसे दिले आणि खेळला. पहिली म्हणताना तोंड जागेवर राहतं, दुसरी म्हणताना हलतं. आरशासमोर दोनदा म्हणायला लावा, पोरगं स्वतःच दाखवेल.

असे शब्द आपल्याकडं ढिगानं आहेत. दिवाळीत नवी पेठेत लागतो तो ‘सेल’ लांब, आणि विकणे या अर्थाचा ‘सेल’ आखूड. परीक्षेची ‘टेस्ट’ आखूड, चवीची ‘टेस्ट’ लांब. लिहायचं ‘पेन’ आखूड, दुखणाऱ्या पाठीचं ‘पेन’ लांब. भिजलेला ‘वेट’ आखूड, थांबण्याचा आणि वजनाचा ‘वेट’ लांब. कॅलेंडरची ‘डेट’ लांब, कर्जाची ‘डेट’ आखूड. या कर्जाच्या शब्दातला ‘बी’ तर लॅटिनची आठवण म्हणून विद्वानांनी मागाहून घुसडलेला आहे, तो म्हणायचा नसतोच. मुलाला वहीत लांब आवाजासाठी सरळ ‘एइ’ लिहायला सांगा: गेइट, लेइट, एइट, ग्रेइट, स्ट्रेइट. आणि आखूडसाठी नुसता ‘ए’: गेट म्हणजे मिळवणे, नेट, जेट. शुद्धलेखनाच्या दृष्टीनं हे चूक आहे, पण त्याच्या वहीपुरतं चालू द्या.

तसंच ‘फुल’ आणि ‘फूल’. हाउसफुलमधला ‘फुल’ हा ‘बुल’ आणि ‘वुल’शी जुळतो, मूर्ख या अर्थाचा ‘फूल’ हा ‘स्कूल’ आणि ‘पूल’शी. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, पण बोलताना किती पाळतो ते तुम्हाला माहीत आहे. आणि मराठीत मुरलेले इंग्रजी शब्द जरा जपून. ‘रेशन’ दुकानाच्या पाटीवर रेशनच आहे, पण ब्रिटिश धाटणीच्या कोशात त्याचा उच्चार ‘रॅशन’ देतात, म्हणून तो ‘नेशन’ऐवजी ‘फॅशन’शी जुळवतात. अमेरिकेत ‘रेशन’ही म्हणतात.

शेवटच्या व्यंजनाकडंही कान हवा. ‘प्राइस’ म्हणजे किंमत आणि ‘प्राइझ’ म्हणजे बक्षीस. पहिला ‘राइस’शी जुळतो, दुसरा ‘वाइझ’शी. सैल या अर्थाचा ‘लूस’ हा ‘जूस’शी, हरवणे या अर्थाचा ‘लूझ’ हा ‘शूझ’ आणि ‘न्यूझ’शी. आपण ‘न्यूज’ म्हणतो, चालतं, पण स आणि झ एकमेकांना लावायचे नाहीत एवढं पाळा. भूतकाळाच्या ईडीचं एवढंच सांगतो की ‘पास्ट’ म्हणजे पास झाला हा ‘लास्ट’शी जुळतो, ‘पॅक्ट’ म्हणजे बांधला हा ‘फॅक्ट’शी, ‘मिस्ट’ म्हणजे चुकला हा ‘लिस्ट’शी. हे पोरांच्या कानात बसलं की ‘वॉकेड’, ‘जंपेड’ आपोआप बंद होतं. त्यासाठी मी वेगळा धडा घेत नाही.

घरी काय करायचं? तुम्ही लिहिलंय की तुमचं स्वतःचं इंग्रजी कच्चं आहे. अडत नाही. मोबाइलवर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा कोश उघडा, शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबा. तीन शब्द ऐकवा, कागद-पेन्सिल लांब ठेवा, आणि कोणता वेगळा ते विचारा. ‘हेड, सेड, बीड’ यातला ‘बीड’ वेगळा. ‘टूम, रूम, कोम’ यातला ‘कोम’, म्हणजे कंगवा, वेगळा. थडग्याचा आणि कंगव्याचा शब्द कागदावर जुळे भाऊ दिसतात, कानाला परके. हा खेळ पोरखेळ समजू नका. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी १९८३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवलं होतं की शाळेत वाचायला लागण्याआधी ज्या मुलांना असा विजोड शब्द ओळखता येतो, ती पुढं वाचनात आणि स्पेलिंगातही सरस ठरतात. आणि आवाज ओळखायचा सराव दिला तर त्याचा वाचनाला फायदा होतो. म्हणजे हे दोन मार्कांपुरतं नाही.

कान तयार झाल्यावर वही घ्या. पान स्पेलिंगप्रमाणं करायचं नाही, आवाजाप्रमाणं करायचं. वर देवनागरीत शेपटी लिहा, समजा ‘आइट’. मग मुलानं बाराखडीसारखं चालत जायचं: बाइट, फाइट, काइट, लाइट, नाइट, राइट, व्हाइट. मध्ये ‘गाइट’, ‘झाइट’ असे नसलेले शब्द येतील, येऊ द्या, हसू द्या, कोशात सापडले नाहीत की सोडून द्या. त्यानंतरच समोर इंग्रजी स्पेलिंग लिहायचं. ‘हाइट’ म्हणजे उंची या पानावर येते, ई-आय-जी-एच-टी घेऊन. तीच पाच अक्षरं घेऊन ‘वेइट’ म्हणजे वजन ‘एइट’च्या पानावर जातं. मुलगा विचारेल, असं कसं ओ? विचारलं म्हणजे विषय डोक्यात शिरला.

पेपरमध्ये चार पर्याय असतात, आणि प्रश्न काढणारा त्यात एक आमिष ठेवतोच: दिलेल्या शब्दासारखंच स्पेलिंग असलेला. ‘कम’ दिलाय, पर्याय होम, डोम, टोन, ड्रम. डोळा ‘होम’वर जातो, उत्तर ‘ड्रम’. हॉलमध्ये मोठ्यानं बोलता येत नाही, पण ओठ हलवायला बंदी नाही. चारही पर्याय ओठांत म्हणून मगच गोल काळा करायचा, एवढी शिस्त लावा.

काही शब्दांना दोन उच्चार असतात आणि तिथं मुलं गडबडतात. ‘रीड’ म्हणजे वाचतो हा ‘नीड’शी, तेच स्पेलिंग भूतकाळात ‘रेड’ होतं आणि ‘ब्रेड’शी जुळतं. डोळ्यातलं ‘टिअर’ हे ‘डिअर’शी, फाडण्याचं ‘टेअर’ हे ‘चेअर’शी. ‘अगेन’ तर आखूड ‘पेन’शीही चालतो आणि लांब ‘पेन’शीही, दोन्ही उच्चार कोशांत आहेत. यूट्यूबवरच्या अमेरिकन गाण्यांत झेडला ‘झी’ म्हणतात, म्हणून तो तिथं ‘मी’शी जुळतो, आपल्या शाळेत झेड, तेव्हा तो ‘बेड’शी. ब्रिटिश लोक शब्दाच्या मधला-शेवटचा ‘र’ गिळतात आणि त्यामुळं त्यांच्या कानाला ‘सॉर्ट’ आणि पकडला या अर्थाचा ‘कॉट’ जुळतात. आपण ‘र’ म्हणतो. असल्या जोड्यांच्या वाटेला जाऊ नका, पेपरमध्ये सहसा येत नाहीत.

‘मन्थ’, ‘सिल्व्हर’, ‘ऑरेंज’ यांना रोजच्या इंग्रजीत पूर्ण जुळणारा शब्दच नाही. पोरगं हुशार असेल तर कधीतरी यावर अडेल. त्याला सांगून टाका, म्हणजे उगाच तासभर शोधत बसणार नाही.

आणि ती क्लासची यादी टाकून देऊ नका. महिनाभर कानाचा सराव झाला की त्याच्या हातात लाल पेन देऊन ती मोठ्यानं वाचायला लावा. अशा याद्यांत ‘वर्क–फोर्क’, ‘हिअर–देअर’, ‘वॉर्म–वर्म’ असली एखादी जोडी शिरलेली असतेच. सापडली की त्यालाच खोडू द्या, आणि शेजारी बरोबर शब्द लिहायला सांगा: ‘वर्क’ला ‘क्लर्क’ लिहिलं तर मात्र थांबवा, ब्रिटिश उच्चारात तो ‘क्लार्क’ आहे आणि ‘पार्क’शी जुळतो.